३० आठवड्यांची मुलगी, आईची छाती आणि ‘पेटी’चा हट्ट

प्रश्न थोडक्यात असा आहे. भाचीला ३० आठवड्यांतच मुलगी झाली, वजन १ किलो २४० ग्रॅम. तालुक्याहून जिल्हा रुग्णालयाच्या नवजात कक्षात हलवलं. पहिल्या दिवशी बारीक नळीतून फुप्फुसात एक औषध सोडलं, नाकात आखूड नळ्या लावल्या. सहाव्या दिवशी त्याही काढल्या. आज आठवा दिवस. सिस्टर म्हणतात, आईने बाळाला छातीशी बांधून दिवसरात्र जितके तास जमेल तितके तास राहावं. घरच्यांना वाटतं, यंत्रं कमी पडतात म्हणून बाळ आईच्या गळ्यात घालतायत. शहरात मोठ्या खासगी रुग्णालयात न्यावं, तिथे काचेची पेटी मिळेल. आणि आजीचा जीव वेगळ्याच गोष्टीने खालीवर होतोय: सातव्यातलं जगतं, आठव्यातलं जगत नाही.

मी सव्वीस वर्षं नवजात बाळांचंच काम करते, त्यातली बरीच वर्षं जिल्ह्याच्या ठिकाणी. आधी उत्तर सांगते, कारणं मग. मुलगी आपला आपण श्वास घेते आहे, दूध पचतं आहे, अंग गरम राहतं आहे, तर तिला आत्ता हलवू नका. तिला जे मिळतंय ते कमी प्रतीचं नाही. या वजनाच्या बाळासाठी आज जगात जे उत्तम समजलं जातं, त्यातलंच ते आहे.

आजींचं पहिल्यांदा. ही समजूत मी जवळजवळ रोज ऐकते आणि तिने माणसं विनाकारण खचतात. पोटात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. अठ्ठाविसापेक्षा तीस बरे, तिसापेक्षा बत्तीस बरे. मध्येच एक महिना घातक, असं काही शरीरात नाही. आजींना एवढंच सांगा की मुलीने सर्वांत अवघड आठवडा पार केलाय.

तो अवघड का होता ते समजलं, की बाकीचं आपोआप उलगडेल. आपल्या फुप्फुसात हवेच्या लाखो सूक्ष्म पिशव्या असतात. प्लॅस्टिकची ओली पिशवी आठवा, तिचे दोन पदर एकमेकांना कसे चिकटतात. बाळाच्या त्या पिशव्या आतून ओल्याच असतात. श्वास सोडल्यावर त्या मिटून चिकटू नयेत म्हणून फुप्फुसातच एक फेसाळ, स्निग्ध पदार्थ तयार होतो, सरफॅक्टंट. तो पुरेसा व्हायला साधारण ३४-३५ आठवडे लागतात. त्याआधी जन्मलेल्या बाळाला प्रत्येक श्वासाला चिकटलेली पिशवी नव्याने उघडावी लागते. बरगड्या आत ओढल्या जातात, बाळ कण्हतं, काही तासांत थकतं.

हे कारण १९५९ साली कळलं. मेरी एलन एव्हरी या तरुण डॉक्टरबाईंच्या लक्षात आलं, की इतर कारणांनी गेलेल्या बाळांच्या फुप्फुसात फेस दिसतो, या आजाराने गेलेल्यांत दिसत नाही. पण कारण कळलं म्हणून औषध हाती आलं नाही. १९६३ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांना मुलगा झाला, साडेपाच आठवडे आधी, वजन जवळजवळ २ किलो १०० ग्रॅम. जगातले हवे ते डॉक्टर बोलावता येत होते. बाळ ३९ तास जगलं. तुमची भाची त्याच्यापेक्षा साडेआठशे ग्रॅमनी लहान मुलगी घेऊन आपल्या एका जिल्हा रुग्णालयात बसली आहे, आणि मुलगी नळीशिवाय श्वास घेते आहे. मधल्या साठ वर्षांत काय झालं याचा याहून नेमका पुरावा माझ्याकडे नाही. १९८० साली जपानमध्ये तेत्सुरो फुजिवारा यांनी गाईच्या फुप्फुसातून काढलेलं सरफॅक्टंट पहिल्यांदा दहा बाळांच्या श्वासनलिकेत सोडलं. तुमच्या मुलीला पहिल्या दिवशी जे ‘औषध सोडलं’, ते याच घराण्यातलं.

आता नाकातल्या नळ्या. त्याला आम्ही सी-पॅप म्हणतो. कक्षात जायला मिळालं तर त्या यंत्राकडे नीट बघा. एका बाटलीत पाणी असतं, त्यात एक नळी पाच-सहा सेंटिमीटर बुडवलेली असते, आणि बाळाच्या नाकाकडून आलेली हवा त्या पाण्यातून बुडबुड करत बाहेर पडते. नळी जितकी खोल, तितका दाब बाळाच्या फुप्फुसात राहतो आणि पिशव्या मिटत नाहीत. बस, एवढंच. आमच्या अनुभवी सिस्टर पाठमोऱ्या बसून औषध भरत असतात आणि मध्येच उठून तिसऱ्या वॉर्मरकडे, म्हणजे बाळाला गरम ठेवणाऱ्या उघड्या पाळण्याकडे, जातात. का? तर तिथला बुडबुड आवाज थांबलेला असतो. म्हणजे नाकातली नळी सरकली किंवा बाळाने तोंड उघडलं. हनुवटीखाली कापडाची छोटी गुंडाळी सरकवली, टोपीची दोरी नीट केली, की आवाज परत सुरू. मॉनिटर वाजायच्या आधी सिस्टरांचा कान ते पकडतो.

हा उपाय १९७१ साली सान फ्रान्सिस्कोला जॉर्ज ग्रेगरी यांनी मांडला, वीस बाळांपैकी सोळा वाचली. तरी पुढे बरीच वर्षं मोठमोठ्या केंद्रांत घशात नळी घालून व्हेंटिलेटर लावण्याकडेच ओढा होता, कारण तो जास्त ‘पूर्ण’ उपचार वाटायचा. १९८७ मध्ये अमेरिकेतल्या आठ केंद्रांची तुलना झाली. फुप्फुसाचं दीर्घकाळचं नुकसान सर्वांत कमी कुठे आढळलं, तर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठाच्या केंद्रात. तिथे व्हेंटिलेटर कमीत कमी वापरून या बुडबुड्यांवर भर देत. व्हेंटिलेटर जीव वाचवतो, मीही तो लावते. पण तो कोवळ्या फुप्फुसाला मारही देतो. तेव्हा व्हेंटिलेटर लावावाच लागला नाही, किंवा नळी लवकर निघाली, ही कुटुंबाने आनंद मानायची गोष्ट आहे. ‘काढून टाकलं, आता काही करत नाहीत’ असं तिच्याकडे बघू नका.

ऑक्सिजनचंही तसंच. १९४० आणि ५० च्या दशकांत अपुऱ्या दिवसांच्या बाळांना भरपूर ऑक्सिजन देत, कारण बाळ गुलाबी दिसायचं. त्यातून जगभरात सुमारे दहा हजार मुलं आंधळी झाली असा अंदाज आहे. १९५१ साली मेलबर्नच्या केट कॅम्पबेल यांनी ऑक्सिजनकडे बोट दाखवलं, पुढे मोठ्या चाचणीत ते सिद्ध झालं. ऑक्सिजन जास्त मिळाला, की डोळ्याच्या पडद्यावरच्या अर्धवट वाढलेल्या रक्तवाहिन्या वेड्यावाकड्या फुटतात. म्हणून आज आम्ही पायाला लावलेल्या लाल दिव्यावरचा रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ९० ते ९५ च्या मध्ये ठेवतो. नातेवाईक विचारतात, ‘मॅडम, ९२ आहे, १०० का करत नाही?’ करू शकतो, म्हणूनच करत नाही. याच कारणाने तुमच्या मुलीची डोळ्यांची तपासणी तीस दिवसांच्या आत व्हायलाच हवी. तिचा तिसावा दिवस कोणती तारीख येते, ते आज मोजून फाईलवर लिहून घ्या. वेळेत सापडलं तर लेसरने किंवा इंजेक्शनने दृष्टी वाचते. उशीर झाला तर हातात काही राहत नाही. सुट्टी मिळाल्याच्या आनंदात ही तारीख चुकलेली कुटुंबं मी पाहिली आहेत, आणि त्यांच्यासमोर बोलायला मला शब्द सापडलेले नाहीत.

एक गोष्ट भाचीला विचारा: तालुक्याहून निघण्याआधी तिला कमरेत इंजेक्शन दिलं होतं का? बहुतेक ते डेक्सामेथासोन असेल. न्यूझीलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स मेंढ्यांवर प्रयोग करत होते. हे औषध दिलेलं एक अपुऱ्या दिवसांचं कोकरू, जे जगायलाच नको होतं, ते श्वास घेताना त्यांना दिसलं. १९७२ साली त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी बायकांवरच्या चाचणीचा निकाल छापला: प्रसूतीआधी आईला दिलेलं इंजेक्शन पोटातल्या बाळाची फुप्फुसं पिकवतं. काही रुपयांचं औषध. तरी ते जगभर रुळायला वीस-बावीस वर्षं गेली. आपल्याकडे आता उपकेंद्रातल्या नर्सताईसुद्धा वर पाठवण्याआधी पहिला डोस देऊ शकतात. तुमच्या तालुक्यात तो दिला गेला असेल, तर त्या सिस्टरांचे आभार माना. मुलगी सहाव्या दिवशी नळीबाहेर आली यात त्यांचाही वाटा असू शकतो.

आता तुमचा मुख्य प्रश्न, छातीशी बांधण्याचा.

तुमच्या घरच्यांचा संशय अगदीच निराधार नाही. छातीशी बांधायच्या या रीतीला कांगारू पद्धत म्हणतात, आणि ती टंचाईतूनच जन्मली. १९७८ साली कोलंबिया देशात, बोगोताच्या सरकारी प्रसूतिगृहात, एका इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे तुमच्या त्या काचेच्या पेटीत, दोन-दोन तीन-तीन बाळं ठेवावी लागत. एकाचा जंतुसंसर्ग दुसऱ्याला व्हायचा. एडगर रे सनाब्रिया या डॉक्टरांनी स्थिर झालेली बाळं आयांच्या छातीवर उभी बांधायला सुरुवात केली. नाइलाज म्हणूनच. पण पुढे जे दिसलं ते कोणीच अपेक्षिलं नव्हतं. बाळं नुसती तगली नाहीत, ती अधिक चांगली वाढली.

आणि नेमकी तुमच्या मुलीच्या वजनाची बाळं घेऊन याची कसोटी झाली आहे. घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या पाच देशांत, १ किलो ते १ किलो ८०० ग्रॅमच्या आतली ३२११ बाळं. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. निम्म्या बाळांना नेहमीप्रमाणे आधी वॉर्मरवर ठेवून, स्थिर झाल्यावर कांगारू. निम्म्यांना जन्मानंतर लगेच कांगारू, श्वासाला आधार लागला तर तोही आईच्या छातीवरच. पहिल्या गटाला सुरुवातीच्या दिवसांत आईचा सहवास रोज दीडेक तास मिळाला, दुसऱ्याला सुमारे १७ तास. २८ दिवसांच्या आत पहिल्या गटातली १५.७ टक्के बाळं दगावली, दुसऱ्यातली १२ टक्के. फरक इतका स्पष्ट होता की चाचणी मुदतीआधी थांबवली गेली. निकाल २०२१ साली आला, २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शिफारस बदलली. दोन्ही गटांना यंत्रं, औषधं, डॉक्टर सारखेच होते. जास्तीची होती ती आई.

कारणंही कळण्यासारखी आहेत. आईची छाती बाळाच्या अंगाप्रमाणे गरम होते, अंग थंड पडत नाही. बाळाला पहिले जंतू मिळतात ते आईच्या त्वचेवरचे, कक्षातले हट्टी जंतू नव्हेत. अंगाला अंग लागलं की दूध उतरतं. आणि आई बाळाकडे सतत बघत असते, रंग बदलला की तीच पहिली हाक मारते. तीस बाळांमागे तीन सिस्टर असलेल्या कक्षात या शेवटच्या गोष्टीचं मोल काय, ते मी सांगू शकते.

मी शिकत होते तेव्हा आम्ही आयांना बाहेर ठेवायचो. जंतुसंसर्ग होईल म्हणून. दुपारी चार वाजता पडदा सरकवायचा, काचेतून बाळ दाखवायचं. १९९८-९९ ची गोष्ट. एका बाईचं बाळ तेवीस दिवस आत होतं. सुट्टीच्या दिवशी मी बाळ तिच्या हातात दिलं, तर तिने हात पुढे केले आणि मागे घेतले. म्हणाली, ‘डॉक्टर, मोडंल काय हो?’ तेवीस दिवसांची आई होती ती, आणि तिने बाळाला हात लावला नव्हता. ते बाळ तीन आठवड्यांनी परत आलं, अंगावरचं दूध बंद झालेलं, जुलाबाने सुकलेलं. नियम आमच्या विभागाचा होता आणि तो मीही पाळला होता. आजही कोणी आईला ‘बाहेर थांबा’ म्हटलं की मला ते पुढे आलेले हात दिसतात.

तेव्हा पेटीचा हट्ट सोडा. (तुम्ही जिला पेटी म्हणता ती बहुतेक ठिकाणी पेटी नसतेच. वरून गरम ठेवणारा उघडा वॉर्मर असतो.) बाळाला फक्त टोपी, लंगोट, मोजे. आईच्या दोन स्तनांच्या मध्ये उभं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका बाजूला वळवलेली आणि किंचित वर, म्हणजे नाक मोकळं. वरून पट्टा किंवा मऊ सुती कापड घट्ट, त्यावर आईचा गाऊन. रेलून बसावं, सपाट झोपू नये. सोडायचं ते अंघोळीला, जेवायला. तेवढा वेळ बाप घेईल, मावशी घेईल, अंगावर ताप-सर्दी-खरूज नसलेली कोणीही घेईल. बापाच्या छातीवर केस आहेत हे विचारतात मला. चालतं. आजींना बाळंतिणीच्या विश्रांतीची काळजी असणार, ती रास्त आहे. म्हणून तिचं जेवण, पाणी, झोपेच्या पाळ्या हे घराने सांभाळायचं. कक्षात शेगडी-धुरी मात्र नको, आणि घरी गेल्यावरही नको.

दुधाबद्दल थोडक्यात, पण हे औषधाइतकंच. या वयात चोखणं-गिळणं-श्वास यांचा मेळ बसलेला नसतो, तो ३४ आठवड्यांच्या सुमाराला बसतो. तोवर आईचं दूध हाताने काढून नळीतून, मग वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने. बाटली नाही. सुरुवातीला दोन-दोन तासांनी दोन-तीन मिली इतकंच, ते बघून घाबरू नका. चीक टाकला नसेल अशी आशा आहे, तो बाळाच्या आतड्याचं पहिलं संरक्षण. आईचं दूध कमी पडलं तर दूधपेढी जवळ आहे का विचारा. आशियातली पहिली दूधपेढी १९८९ साली आपल्या मुंबईत, शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. मध, गुटी, ग्राइपवॉटर, पाणी, काहीही नको. पहिल्या आठवड्यात वजन घटतं, दहा-पंधरा टक्क्यांपर्यंत. दोन आठवड्यांच्या सुमाराला ते जन्माच्या वजनावर परत येतं. तेव्हा आज ११०० दिसत असेल तर कोणाला दोष देऊ नका.

‘शहरात नवीन उपचार असतात’ या वाक्याबद्दल एक सांगावंसं वाटतं, कारण मला स्वतःला ते महागात शिकावं लागलं. जन्मताना न रडलेल्या, मेंदूला प्राणवायू कमी पडलेल्या पूर्ण दिवसांच्या बाळाला ७२ तास ३३.५ अंशांवर थंड ठेवायचं, हा उपचार श्रीमंत देशांत सिद्ध झालेला आहे. आम्हीही तो उत्साहाने सुरू केला. मग भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातल्या मोठ्या सरकारी रुग्णालयांत ४०८ बाळांवर चाचणी झाली. २०२१ च्या निकालात थंड केलेल्या गटात मृत्यू कमी झाले नाहीत, उलट वाढले: ४२ टक्के, दुसऱ्या गटात ३१. आपल्या आया, त्यांच्या प्रसूती, बाळाला इजा होण्याची वेळ, सगळं वेगळं असू शकतं. तेव्हापासून कोणतंही यंत्र आलं की मी पहिल्यांदा विचारते, हे आपल्या बाळांवर तपासलंय का. कांगारू पद्धत तपासलेली आहे.

तशीच तपासलेली आहे घरची देखभाल. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने ३९ गावांत गावातल्याच बायकांना शिकवलं: बाळ जोखायचं, गरम ठेवायचं, श्वास मोजायचे, जंतुदोष ओळखून इंजेक्शनसुद्धा द्यायचं. पहिल्या महिन्यातले मृत्यू हजारी ६२ होते, तिसऱ्या वर्षी २५ च्या आसपास आले. १९९९ मध्ये ते जगापुढे मांडलं गेलं, आणि २०११ पासून देशभर आशाताई जी ४२ दिवसांपर्यंत घरी येते, ती याच वाटेने. पुढे १५ महिन्यांपर्यंतही तिच्या भेटी आहेत. तिला दारातून परत पाठवू नका, बाळ उघडून बघू द्या.

हलवायचं कधी, तेही सांगते. हिरवी उलटी झाली, पोट ताठ फुगलं, शस्त्रक्रियेची गरज निघाली, हृदयाचा दोष सापडला, किंवा परत व्हेंटिलेटर लागून तो तिथे नसला, तर. तेव्हा डॉक्टर स्वतःच सांगतील. पण आधी पुढच्या रुग्णालयात फोनवर जागा पक्की करून, साखर तपासून, बाळ आईच्या छातीशी किंवा नीट गरम ठेवून, रुग्णवाहिकेतून. स्वतःच्या गाडीत, एसी लावून, रात्री अकराला नाही. वाटेत अंग थंड पडलेलं बाळ पोहोचल्यावर आमचे पहिले काही तास ती थंडी भरून काढण्यातच जातात. सरकारी रुग्णालयात आजारी बाळाचा उपचार, औषधं आणि हलवण्याची गाडी बाळ वर्षाचं होईपर्यंत मोफत आहे. खासगीत जायचीच वेळ आली तर महात्मा फुले योजनेत बसतं का, ते आरोग्यमित्राला आधी विचारा.

उद्या राउंडला एवढं विचारा: टाळूतून मेंदूची सोनोग्राफी झाली का, लोहाचे थेंब कधीपासून, डी जीवनसत्त्व सुरू आहे का, कानाची तपासणी कोणत्या दिवशी. लसी जन्मतारखेप्रमाणे, पण मान कधी धरेल, कधी बसेल, उष्टावण कधी करायचं, यासाठी दहा आठवडे वजा करून वय मोजायचं. बारसं घरच्या घरी चार माणसांत करा. आणि आज रात्री दहा ते दोन भाचीला झोपू द्या, त्या वेळात बाळ तिच्या नवऱ्याच्या छातीवर बांधायला सिस्टरांना सांगा. तो नको म्हणेल, पण एकदा बांधा.